अळ्या मिळाल्या, अल्कोहोल मिळेना

गोव्यात चालाल तिथे बार लागतो, पण प्रयोगशाळेसाठी लिटरभर शुद्ध इथेनॉल मिळवताना माझा अर्धा पावसाळा गेला. एम.एस्सी.च्या प्रकल्पाला मी मांसमाशीच्या अळ्या घेतल्या होत्या. मृतदेहावरच्या अळीची जात आणि वय कळलं, तर मृत्यूला निदान किती वेळ झाला असेल ते सांगता येतं. त्यासाठी हा खटाटोप.

अळ्या मिळवणं सोपं. डिचोलीला घरामागे कोंबडीची कलेजी उघडी ठेवली आणि पाठीवर तीन काळे पट्टे असलेल्या करड्या माश्या आल्याच. (आईने मागचं दार वापरायचं सोडलं, ते वेगळं.) ही माशी सहसा अंडी घालत नाही, जिवंत अळ्याच टाकते. त्यामुळे तिची अळी निळ्या-हिरव्या माशीची समजलात, तर अंडी उबायचे तास फुकट हिशेबात धरले जातात आणि मृत्यूची वेळ मागे सरकते.

अळ्या आधी खूप गरम पाण्यात अर्धा मिनिट ठेवून माराव्यात. जिवंत अळी थेट अल्कोहोलात टाकली तर आक्रसते, काळी पडते. मग ८० टक्के अल्कोहोलात. डीएनए काढायचा असेल तर ९५ टक्क्यांच्या वर. आमची माशी शिंकली ती इथे.

संस्थेकडे परवाना होता, बाटल्याही काचेच्या कपाटात दिसत होत्या. अर्ज अडला ‘प्रयोजन’ या रकान्यावर. ‘अळ्या जतन करणे’ असं लिहिलं, तर विभागप्रमुखांची सही हवी म्हणून परत. सही आणली, शिक्का नव्हता. शिक्का आणला, तर किती मिली वापरणार आणि किती परत करणार ते लिहून मागितलं. अल्कोहोल उडतं, ते कुठे लिहू, असं विचारल्यावर भांडारवाले शांतपणे म्हणाले, “बाय, उडून गेलं म्हणणारे आम्ही पुष्कळ पाहिलेत.”

वर सल्ला, “फॉर्मेलिन ने ना, कॅन भरून पडलंय.” २०१८ मध्ये मासळीत फॉर्मेलिन असल्याची ओरड झाली तेव्हापासून गोव्यात पोरासोरांनाही हा शब्द ठाऊक आहे. पण फॉर्मेलिनमध्ये डीएनएची वाट लागते आणि अळी ताठ होते, हे त्यांना पटेना. “दोन्ही जतनच करतात ना?” मैत्रिणीने फेणी सुचवली. ती फार तर ४५ टक्के. अळी कुजेल आणि फेणीही जाईल.

अळ्या कुणाच्या सहीसाठी थांबत नाहीत. तिसऱ्या, म्हणजे शेवटच्या अवस्थेतल्या अळ्या खाणं सोडून भटकायला लागल्या आणि लाकडाच्या भुशात शिरून कोष झाल्या. मी रोज भांडाराच्या खिडकीशी, त्या रोज एक पाऊल पुढे. शेवटी भांडारवाले साहेब रजेवर गेले आणि बदलीवरच्या बाईंनी तोच अर्ज, तेच शिक्के बघून, “एवढंच ना?” म्हणत बाटली दिली. आनंद झाला की संताप आला, अजून ठरत नाही.

इथेनॉल आल्यावर काम भराभर झालं. अळीचा मागचा टोकाचा भाग कापून १० टक्के कॉस्टिक पोटॅशमध्ये ठेवायचा, आतलं मांस विरघळतं. मग सूक्ष्मदर्शकाखाली श्वासरंध्रं बघायची. मांसमाशीत ती खोल खळग्यात बसलेली असतात, वरून बघून दिसतातच असं नाही, म्हणून कापणं आलं. प्रत्येक रंध्रात तीन चिरा असल्या तर तिसरी अवस्था, दोन असल्या तर दुसरी. चिरांभोवतीचं कडं खाली उघडं असतं. पण तसं ते क्रायसोमाया या निळ्या-हिरव्या माशीतही असतं, तेव्हा नुसत्या कड्यावर जाऊ नका, खळगा बघा.

यावरून कूळ ठरतं. प्रजाती अळीवरून छातीठोक सांगणाऱ्याचं मी तरी मनावर घेत नाही. निम्म्या अळ्या माराव्यात, निम्म्या वाढवाव्यात, आणि कोषातून नर निघाला की त्याची जननेंद्रियं तपासावीत. साधारण दहाएक दिवस कोषात जातात. नर ताजा, मऊ असतानाच बारीक टाचणीने ती बाहेर ओढावीत. वाळला की तुटतात. भुशात गेलेली माझी ती पहिली खेप त्यामुळे वाया गेली नाही, उलट पहिला ओळखलेला नर तिच्यातलाच. हे भांडारवाल्यांना मी सांगणार नाही.

दुसऱ्या दिवशी बाटलीतलं अल्कोहोल बदलायचं. अळीच्या अंगातल्या पाण्याने ते पातळ होतं. (त्यामुळे अर्जात मागताना दुप्पट मागा.) कलेजीजवळ पहिल्या दिवसापासून तापमानाची नोंद ठेवा, त्याशिवाय वय काढता येत नाही. आणि बाटलीतल्या चिठ्ठ्या पेन्सिलीने लिहा. बॉलपेनची शाई अल्कोहोलात धुऊन जाते.