कोरी लेन

सोमवार

शहाद्याकडच्या पपईचे नमुने आले आहेत, वाण तैवान ७८६. पपईवरच्या रिंगस्पॉट विषाणूची चाचणी म्हटलं की सगळे पीसीआरबद्दल (जनुकाचा ठरावीक तुकडा अनेक पट वाढवून दाखवणारी पद्धत) बोलतात. निम्मा निकाल मात्र पान खुडतानाच ठरलेला असतो. शेंड्यापासून दुसरं-तिसरं पान घ्यावं, ज्याच्या देठावर तेलकट गर्द हिरव्या रेघा आहेत असं. बुडखाजवळचं जून पान कितीही पिवळं दिसलं तरी नको. ते बहुधा वयामुळंच पिवळं असतं आणि त्यात फेनॉलही जास्त. पान कोरड्या कागदात गुंडाळून बर्फाच्या डब्यात ठेवायचं, पण बर्फाला चिकटू द्यायचं नाही. गोठलेलं पान वाटेत वितळलं की पेशी फुटतात आणि आरएनए कुरतडणारी विकरं (एन्झाइम) मोकळी होतात.

मंगळवार

आरएनए काढणं, कारण हा विषाणू आरएनएचा. १०० मिलिग्रॅम पान द्रव नायट्रोजनमध्ये खलायचं, पिठीसाखरेसारखी भुकटी होईपर्यंत. खलात पान ओलसर दिसू लागलं तर उशीर झाला असं समजावं. भुकटी लगेच ६५ अंशांवर तापवलेल्या सीटॅब द्रावणात टाकायची: सीटॅब (पेशी फोडणारं डिटर्जंट) २ टक्के, पीव्हीपी (फेनॉल धरून ठेवणारं) २ टक्के, आणि बीटा-मरकॅप्टोइथेनॉल (विकरं निकामी करणारं) आयत्या वेळी घातलेलं २ टक्के. मग क्लोरोफॉर्म आणि आयसोअमाइल अल्कोहोल (२४:१) दोनदा. वरचा थर घेताना लोभ नको. मधल्या पांढऱ्या सायीला पिपेट लागलं की चिकट साखरी पदार्थ सोबत आलेच. शेवटी आरएनए खाली बसवायला लिथियम क्लोराइड, अंतिम तीव्रता २ मोलर, रात्रभर ४ अंशांवर.

बुधवार

तळाशी बसलेली आरएनएची गोळी ७० टक्के इथेनॉलनं धुतली. ती पूर्ण खडखडीत वाळवायची नाही, नाहीतर पाण्यात विरघळायला नखरे करते. २६० आणि २८० नॅनोमीटरवरच्या प्रकाश-शोषणाचं (२६०/२८०) गुणोत्तर २ च्या आसपास आलं की सगळे खूश होतात. पपईत खरी गोम २६०/२३० मध्ये असते. ते १ च्या खाली असेल तर साखरी पदार्थ, फेनॉल किंवा क्षार मागे उरलेले असतात आणि पुढे विकराचं काम अडवतात.

या विषाणूचा जीनोम म्हणजे सुमारे १०,३०० न्यूक्लिओटाइडांचा एकेरी आरएनए, शेपटाला अॅडेनाइनची माळ. त्यामुळं ऑलिगो-डीटी प्रायमरनं (त्या माळेला चिकटणारा डीएनएचा छोटा तुकडा) सीडीएनए, म्हणजे आरएनएची डीएनए प्रत, सरळ बनतो, आणि आवरण प्रथिनाचं जनुकही त्याच टोकाला असल्यानं हाताशी येतं. सीडीएनएसाठी ४२ अंशांवर एक तास, मग पीसीआरची ३५ आवर्तनं. जेलवर बँड (डीएनएचा पट्टा) सुमारे ८६० बेस जोड्यांजवळ दिसायला हवा.

गुरुवार

झळकणारा बँड वाचायला सोपा. तोही पाण्याची लेन (नमुन्याऐवजी पाणी घातलेला जेलचा रकाना) स्वच्छ असेल तरच. कोरी लेन मात्र तीन-चार गोष्टी एकाच चेहऱ्यानं सांगते: झाड निरोगी, आरएनए सडलेला, विकर अडलेलं, किंवा प्रायमरच जुळला नाही. म्हणून त्याच सीडीएनएवर अॅक्टिनची (झाडाच्या स्वतःच्या जनुकाची) चाचणी हवीच. अॅक्टिनही कोरं आलं तर निकाल द्यायचा नाही. पण अॅक्टिन आलं म्हणूनही निर्धास्त होऊ नये. नमुन्यात झाडाचा डीएनए उरला असेल तर अॅक्टिन त्याच्यावरूनही उमटतं. डीएनएज (डीएनए तोडणारं विकर) वापरावं, आणि रिव्हर्स ट्रान्स्क्रिप्टेज (सीडीएनए बनवणारं विकर) न घातलेली एक नळी सोबत चालवावी. ती वाचवणं ही मला सर्वांत महागडी काटकसर वाटते.

प्रायमरच्या ३' टोकाशी एक-दोन अक्षरं बदललेली असली तरी बँड हरवू शकतो, आणि या विषाणूचे प्रकार जागोजागी वेगळे. हवाईत १९९८ साली शेतकऱ्यांना मिळालेली, या विषाणूला तोंड देणारी ‘रेनबो’ पपई याच आवरण प्रथिनाच्या जनुकावर उभी आहे. झाड जुळणारा विषाणूचा आरएनए ओळखून तोडतं. अनुक्रम दूरचा असला की ती पकड सैल होते. म्हणून इथल्या नमुन्यांचं जनुक वाचून काढणं हा छंद नव्हे.

कपूर आणि वर्मा यांनी १९४८ मध्ये मुंबई प्रांतातल्या पपईवरचा मोझॅक नोंदवला तेव्हा पीसीआर नव्हताच. शंका असेल तिथं जुनी पद्धत आजही कामाला येते: पान १:१० प्रमाणात गार फॉस्फेट बफरमध्ये (०.०५ मोलर, पीएच ७.२) वाटायचं, निरोगी रोपाच्या पानावर ६०० मेशचं कार्बोरंडम (घासणारी बारीक पूड) भुरभुरवून रस हलक्या बोटानं चोळायचा, लगेच पाण्यानं धुवायचं. जोर लावला तर पेशी मरतात, आणि मेलेल्या पेशीत विषाणू वाढत नाही. मग लक्षणं दिसतात का याची दोन-तीन आठवडे वाट पाहायची.

उद्या: तीन कोऱ्या लेनचा आरएनए १:१० पातळ करून पुन्हा. पातळ केल्यावर बँड आला तर अडथळा होता. नाही आला तर प्रायमरची दुसरी जोडी, आणि जाळीघरातली रोपं आत्ताच चोळून ठेवायची.