चुकून आलेलं पाकीट

आमच्या मामाला घरातली प्रत्येक वस्तू पेटीच्या कुठल्या पट्टीत बोलते ते ठाऊक होतं. कुकरची शिट्टी काळी चारला, स्वयंपाकघराचं दार काळी दोनला, आणि मामी एरवी पांढरी पाच, पण मामा पिशवी विसरून बाजारातून आला की थेट तार सप्तकात. मी गणपतीत आरतीला तोंड उघडलं की पेटीवरून मान न उचलता म्हणायचा, "सूर अगदी बरोबर आहे रे. फक्त शेजारच्यांच्या पेटीचा आहे."

मामा मिरजेचा. रेल्वेत पार्सल ऑफिसात नोकरी आणि संध्याकाळी पेटीची साथ. मिरजेत दर दुसऱ्या घरात गाण्याचं कुणीतरी असतंच, त्यामुळे त्याचं कुणाला विशेष कौतुक नव्हतं. त्यालाही नव्हतं. सतारमेकर गल्लीत भोपळ्यांच्या राशींमध्ये बसून तो तासन्‌तास गप्पा मारायचा. किराणा घराण्याचे गवई अब्दुल करीम खाँसाहेब यांच्या आठवणीत मिरासाहेबांच्या दर्ग्यात दरवर्षी गाणी होतात, तिथं कलावंत मानधन न घेता हजेरी लावतात. त्या रात्री मामा घरी नसायचाच.

पेटीला कुणी नावं ठेवली की त्याला चेव यायचा. नावं ठेवायला कारणंही आहेत. साहेबाच्या देशाकडून आलेलं वाद्य, स्वर ठोकळेबाज, एका सुरावरून दुसऱ्या सुरावर घसरत जायचं, ती मींड निघत नाही. आकाशवाणीनं तर १९४० पासून १९७१ पर्यंत पेटीला बंदीच घातली होती. मामा म्हणायचा, "एकतीस वर्षं! एवढा तर जावईसुद्धा रुसत नाही." शेजारच्या सांगलीत कृष्णाजी बल्लाळ देवलांनी सप्तकातल्या बावीस श्रुतींचा, म्हणजे बारीक बारीक सुरांचा, अभ्यास करून तशी पेटी घडवण्याचा खटाटोप केला, हे तो फार अभिमानानं सांगायचा आणि लगेच पुढे जोडायचा, "पण वाजवायला तेवढी बोटं कुठून आणायची?" मींडेबद्दल त्याचं उत्तर ठरलेलं. "तिला येत नाही, मलाही येत नाही. म्हणून आमचं जमतं."

साथीला बसलेला मामा मात्र वेगळाच. गवई दम घेतो तेवढ्या फटीत पेटीनं सूर धरून ठेवायचा आणि गवयानं तोंड उघडलं की बाजूला व्हायचं, एवढंच आपलं काम, असं तो मानायचा. टाळी गवयाला पडली की हा भाता मारत खाली बघून हसायचा. पैशांच्या बाबतीतही त्याची रीत हीच होती, असं मला आता वाटतं. गावोगावच्या भजनांत पेटीवाल्याला मानधनाचं पाकीट मिळे, तबलजीला बहुधा नारळ. परतताना एस्टीत मामा खिशातून पाकीट काढायचा. "अरे, तुझं पाकीट चुकून माझ्याकडे आलं बघ." तबलजी निमूट घ्यायचा. पुढल्या खेपेला पुन्हा तीच चूक. ज्या माणसाच्या हातून पार्सल ऑफिसात कधी एक डाग इकडचा तिकडे गेला नाही, त्याच्या हातून!

तबलजीही काही कमी नव्हता. सुगी झाली की मामाच्या दारात जोंधळ्याचं पोतं येऊन पडायचं. मामानं विचारलं तर म्हणायचा, "दुसरीकडं द्यायचं होतं, टेंपोवाल्यानं चुकून इथं उतरवलं. आता कुठं परत नेऊ?" दोघं एकमेकांकडे बघून इतक्या गंभीरपणे माना डोलवत की मामी भाकरी थापता थापता म्हणायची, "या गावात कुणाचंच काही बरोबर पत्त्यावर जात नाही बाई!"

पेटीही अशीच फिरायची. शाळेचं स्नेहसंमेलन, हरिनाम सप्ताह, कुणाच्या लेकीची परीक्षा, कुणीही मागावी आणि ह्यानं द्यावी. परत यायची ती कधी भात्याला भोक पडून, तर कधी एखादा सूर बसलेला. मग मामा कानस घेऊन बसायचा. सुराची पट्टी टोकाशी घासली की सूर चढतो, बुडाशी घासली की उतरतो, हे मला त्यानंच दाखवलं. "घासायचं मात्र बेतानं," म्हणायचा, "जास्त झालं की थेट मामी."

तो गेला तेव्हाही पेटी घरी नव्हती. मिरजेजवळच्या एका खेड्यातल्या भजनी मंडळाकडे होती. सुतकाचे दिवस सरल्यावर माझा मामेभाऊ ती आणायला गेला. पुण्यातल्या फ्लॅटमध्ये बायकोनं दिवाणखान्याचा एक कोपरा रिकामा करून ठेवला होता, वर वडिलांचा फोटो लावायचा बेत होता. हा पोचला तेव्हा देवळात भजन रंगात आलेलं, पेटीवर शाळकरी वयाचा एक पोरगा. हा मागे बसून ऐकत राहिला. भाता सुसकारे टाकतोय हे त्याच्या लक्षात आलं. बापाकडून वाजवणं नाही, पण कान तेवढा आला होता.

रात्री रिकाम्या हातानं घरी आला. मामीनं विचारलं, "पेटी?"

"भाता गेलाय तिचा. दुरुस्तीचे पैसे देऊन आलो."

"त्यांनी घेतले?"

"नाही म्हणत होते. मग सांगितलं, बाबांकडे तुमच्या मंडळाचे थोडे पैसे चुकून राहिले होते."

मामीनं त्याच्याकडे नीट पाहिलं आणि त्याच्या ताटात आणखी एक भाकरी टाकली. पुण्यातल्या त्या कोपऱ्यात आता चपलांचं कपाट आहे.