तुम्ही विचारलंत म्हणून: डुकाटच का?

परग्रहांवरच्या मालिकांचा विषय निघाला की मला हमखास विचारतात, एवढे खलनायक असताना तुम्हाला डुकाटच का लक्षात राहतो? मी नाशिकचा आहे म्हणून, असं उत्तर दिलं की लोक हसतात.

डुकाट हा 'स्टार ट्रेक: डीप स्पेस नाइन'मधला (1993 ते 1999) कार्डेशियन अधिकारी. कार्डेशियनांनी बेजोर ग्रहावर पन्नास वर्षं राज्य केलं, खनिज उपसून नेलं, माणसं वेठीला धरली. हा तिथला शेवटचा प्रशासक. 'डॉक्टर हू'मधले डालेक दिसेल त्याला मारतात, 'स्टार ट्रेक'मधलेच बोर्ग दिसेल त्याला आपल्यात ओढून घेतात. तुमचं त्यांच्याबद्दल मत काय, याच्याशी त्यांना देणंघेणं नसतं. डुकाटला मात्र शाबासकी हवी असते. आल्याबरोबर छावण्यांतला कामाचा कोटा निम्म्यावर आणला, लहान पोरांना कामाला जुंपणं थांबवलं, रेशन वाढवलं, हे तो पुन्हापुन्हा ऐकवतो. (छावण्या चालूच होत्या, हे सांगायचं राहून जातं.) एवढं करूनही बेजोरवर आपला एक पुतळा नाही, याचं त्याला मनापासून वाईट वाटतं.

आता नाशिक. 21 डिसेंबर 1909 ला विजयानंद थिएटरात 'शारदा'चा प्रयोग होता, बदली झालेल्या कलेक्टर जॅक्सनला निरोप म्हणून. जॅक्सन संस्कृत जाणणारा, लोक त्याला पंडित म्हणायचे. त्याच वर्षी कविता छापल्याबद्दल बाबाराव सावरकरांना काळ्या पाण्याची शिक्षा झाली होती, आणि त्यांना खटल्यासाठी पुढे पाठवणाराही हाच. अनंत कान्हेरेंनी त्याला थिएटरातच गोळ्या घातल्या. कान्हेरे, कर्वे आणि देशपांडे 19 एप्रिल 1910 ला ठाण्याच्या तुरुंगात फाशी गेले.

जॅक्सन म्हणजे डुकाट, असं मी म्हणत नाही. डुकाटच्या हातून झालेल्या हत्यांची रास फार मोठी आहे. पण रयतेच्या भाषेवरचं प्रेम खरं आणि खटल्याला पाठवणाऱ्या कागदावरची सहीही खरी, ही जोडी मला इथल्या इतिहासामुळे ओळखीची आहे. साहेब मनाने चांगला होता, हे वाक्य आमच्याकडे अजून ऐकू येतं. असेलही. त्याला इथे पाठवलं होतं ते चांगुलपणा वाटायला नव्हे.

याच मालिकेत किरा आहे, बेजोरच्या प्रतिकारातली लढवय्यी. एका भागात एक विद्रूप झालेला कार्डेशियन तिला बांधून ठेवतो. तो सैनिक नव्हता, अधिकाऱ्याच्या घरी नोकर होता, गणवेश धुवायचा. तिने लावलेल्या बॉम्बने त्याचा चेहरा गेला. किरा माफी मागत नाही. तुम्ही आमच्या ग्रहावर असायलाच नको होतात, एवढंच तिचं म्हणणं. तो भाग लागला की दर वेळी तिच्याशी भांडावंसं वाटतं, पण तिचं म्हणणं खोडता काही येत नाही.