कंपनीचा सपोर्ट म्हणजे दर वर्षी नवीन पुस्तक नव्हे

नवीन माणूस आला की हमखास विचारतो, टेबलटॉप आरपीजी (टेबलाभोवती बसून, आपापलं पात्र घेऊन गोष्ट खेळायचा गेम) शिकायचाय पण असा सांगा जो कंपनीने उद्या वाऱ्यावर सोडणार नाही. माझं उत्तर ठरलेलं आहे, कॉल ऑफ कथुलू, केऑसियम कंपनीचा भयकथांचा गेम. मग लगेच कोणीतरी म्हणतंच, डी अँड डी (डन्जन्स अँड ड्रॅगन्स, सगळ्यात प्रसिद्ध आरपीजी) असताना हे कशाला?

डी अँड डी कुठे जात नाहीये, मान्य, १९७४ पासून चालूय. पण सपोर्ट म्हणजे नक्की काय मिळतंय ते पण बघा ना. २०१४ ला पाचवी एडिशन आली, २०२४ ला तिचीच सुधारित पुस्तकं, दोन्ही एकत्र चालतात म्हणे, आणि चालतातही, फक्त एकाकडे जुनं आणि दुसऱ्याकडे नवं पुस्तक असलं की एकाच स्पेलवरून (मंत्रावरून) अर्धा तास भांडण होतं. आणि मधे २०२३ च्या जानेवारीत इतरांना त्यांचे नियम वापरू देणारं लायसन्स बदलायचा जो घाट घातला होता तो लोक चिडल्यावर गुंडाळावा लागला, बेसिक नियम शेवटी क्रिएटिव्ह कॉमन्समधे, म्हणजे कोणालाही वापरता येतील असे, टाकले तेव्हा कुठे सगळे शांत झाले.

केऑसियमचं तसं नाही. सँडी पीटरसनने बनवलेला हा गेम १९८१ ला आला, सध्या सातवी एडिशन चालू आहे, ती पण २०१४ चीच, आणि तिच्यासाठी अजून नवीन पुस्तकं येतायत. मूळ मशीन तेच, स्किल ६० असेल तर शंभरच्या फाशांवर ६० किंवा खाली पाडा, झालं. सातवीत बोनस डाय, पेनल्टी डाय (काम सोपं किंवा अवघड करणारा जादा फासा), पुश (फसलेला डाव पुन्हा टाकणं) वगैरे आलं पण जुनं कॅरेक्टर आणायचं तर स्ट्रेंग्थ १३ ला पाचने गुणा, ६५. म्हणजे ऐंशीच्या दशकातलं ॲडव्हेंचर कीपरला (गेम चालवणाऱ्याला) जवळजवळ तसंच चालवता येतं!! मास्क्स ऑफ न्यार्लाथोटेप हे १९८४ चं कॅम्पेन (अनेक भागांची लांब गोष्ट), न्यूयॉर्क, लंडन, कैरो, केनिया, शांघाय असं फिरवतं, २०१८ ला ते नव्याने काढलं आणि सुरुवातीला पेरूचा अख्खा भाग जोडला. माझ्या मते खरा सपोर्ट हा, तुमचं जुनं कपाट रद्दीत न घालता त्यात भर घालणं.

हार्डकव्हर मागवायच्या भानगडीत आधी पडू नका, शिपिंग बघूनच सॅनिटी जाते. क्विक-स्टार्टची (नवख्यांसाठीच्या थोडक्यात नियमांची) पीडीएफ फुकट आहे, त्यात बॉस्टनमधल्या भुताच्या घराची द हाँटिंग ही गोष्ट आहे, तीच जी १९८१ च्या पहिल्या बॉक्समधे पण होती, एका रात्रीत संपते. आणि मारामारीच हवी असेल तर पाथफाइंडर (डी अँड डीसारखाच फँटसी गेम) बघा, त्याचे नियम आर्काइव्ह्ज ऑफ नेथिस या साइटवर फुकट वाचायला मिळतात.

फासे नसतील तर फोनवरचं ॲप चालेल. फक्त कीपर कोण होणार ते आधी ठरवा, नाहीतर सगळ्यांना इन्व्हेस्टिगेटरच (खेळाडूंची तपास करणारी पात्रं) व्हायचं असतं आणि गेम ग्रुपवरच्या चर्चेतच मरतो.