अकराव्या वर्षी कळलं, हृदयाला भोक आहे

माझी भाची पहिल्यापासून काटकुळी. दर पावसाळ्यात छातीत कफ, जरा पळाली की धाप, आणि घरातले सगळे म्हणायचे अंगच लहान आहे तिचं, आईवर गेलीये. यंदा शाळेत आरबीएसकेची (राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम, मुलांच्या आरोग्य तपासणीची सरकारी योजना) टीम तपासणीला आली, त्यातल्या डॉक्टर मॅडमना स्टेथोस्कोपमध्ये काहीतरी वेगळं ऐकू आलं, त्यांनी जिल्ह्याला पाठवलं आणि टूडी इकोत, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीत, निघालं एएसडी. हृदयाच्या वरच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्याला भोक.

जन्मापासून होतं मग इतकी वर्षं कळलं कसं नाही, हे प्रत्येक जण विचारतो. एएसडीत डावीकडचं शुद्ध रक्त भोकातून उजवीकडे येतं आणि परत फुफ्फुसात जातं, त्यामुळे पोर निळं पडत नाही, मर्मर, म्हणजे स्टेथोस्कोपमध्ये ऐकू येणारा जादा आवाज, तोही बारीक असतो, सहज निसटतो. उजवी बाजू मात्र जादा रक्त ओढून ओढून फुगत जाते.

भोकाच्या कडा चांगल्या असतील तर मांडीच्या शिरेतून छत्रीसारखं उपकरण नेऊन, ते बसवून भोक बंद करतात. हिच्या कडा अपुऱ्या होत्या म्हणून ओपन सर्जरीच, हार्ट-लंग मशीनवर (ऑपरेशनपुरतं हृदय-फुफ्फुसांचं काम करणारं मशीन) घेऊन हृदयाच्याच आवरणाचा तुकडा पॅच म्हणून शिवायचा. ताईचे हातपाय गळाले. मी तिला सांगितलं, अगं १९५३ साली डॉ. गिबननी फिलाडेल्फियात हे मशीन वापरून पहिलं यशस्वी ऑपरेशन केलं ते याच भोकाचं, आणि ती पेशंटसुद्धा मुलगीच होती, १८ वर्षांची!

पण नातेवाईक! मुलीची जात, छातीवर वण राहील, लग्नाचं काय, मोठी झाली की बघू. मला प्रचंड राग आला. लग्नाआधी तिला नीट श्वास घेता यायला नको का? आणि ‘मोठी झाली की बघू’ हे तर फार घातक, कारण काही भोकांत, विशेषतः मोठ्या व्हीएसडीत (खालच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्याचं भोक), फुफ्फुसांचं प्रेशर वाढत जातं आणि एकदा ते हाताबाहेर गेलं की मग भोक बंदच करता येत नाही. हिचं प्रेशर अजून ठीक होतं.

ऑपरेशन नीट झालं. छातीचं हाड जुळेपर्यंत दप्तर उचलायचं नाही, म्हणून सध्या तिचा भाऊ दोन दप्तरं नेतो.

आरबीएसकेची ही तपासणी १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची फुकट होते, २०१३ साली आपल्या पालघरमधूनच हा कार्यक्रम सुरू झाला. वजन वाढत नाही, सारखा न्यूमोनिया होतो, खेळताना दम लागतो असं पोर घरात असेल तर टॉनिक बदलत बसू नका, एकदा टूडी इको करायचा का ते डॉक्टरांना स्पष्ट विचारा.