माउझलची ती बोट: न्यूलिनहून पायी

नकाशावर 'माउसहोल' असं दिसेल, पण बसच्या चालकाला सांगताना 'माउझल' म्हणा. इंग्लंडच्या नैऋत्य टोकाला, कॉर्नवॉलमधलं हे मच्छीमारांचं चिमुकलं गाव. 1981 च्या वादळात माणसं वाचवायला गेलेली इथली लाइफबोट, म्हणजे बचावबोट, परत आलीच नाही. तिची जागा बघायला बाबांना घेऊन मी डिसेंबरात गेले होते. आम्ही हर्णैचे. समुद्रावर गेलेल्या माणसाची वाट बघणं काय असतं, हे आमच्या घराला वेगळं सांगावं लागत नाही.

लंडनच्या पॅडिंग्टनहून पेन्झन्सला पोचायला पाच तासांच्या वर लागतात. रात्री झोपून जायची गाडीही आहे, फक्त ती शनिवारी सुटत नाही. पेन्झन्सहून माउझलला बस जाते. पण माझं ऐका, न्यूलिनलाच उतरा आणि किनाऱ्याकिनाऱ्याने चाला. बाबांच्या चालीने आम्हाला तासभर लागला. स्वतःची गाडी असेल तर ती गावात नेऊ नका. गल्ल्या इतक्या अरुंद की समोरून दुसरी गाडी आली तर दोघांचीही पंचाईत.

न्यूलिनलाच उतरायचं म्हणते, कारण इथल्या पेनली ठाण्याची लाइफबोट 1983 पासून तिथल्या बंदरात असते. आधी ती पाहून घ्या. मग वाटेत पेनली पॉइंटला जुनं बोटघर लागतं. दरवाजा बंद, खाली थेट पाण्यात उतरणारी घसरण, शेजारी स्मृतिउद्यान.

19 डिसेंबर 1981 च्या रात्री 'सॉलोमन ब्राउन' ही 47 फुटी लाकडी बोट याच घसरणीवरून शेवटची उतरली. 'युनियन स्टार' हे खताने भरलेलं जहाज हॉलंडहून आयर्लंडला निघालं होतं. पहिलीच सफर, आणि इंजिन बंद पडलं. कप्तानाची बायको आणि दोन मुली धरून जहाजावर आठ जण होते. वारा 90 नॉटपर्यंत (ताशी साधारण 165 किलोमीटर) चढलेला, लाटा 60 फुटांच्या. नौदलाचं हेलिकॉप्टर येऊन थकलं, त्याला कुणालाच वर उचलता आलं नाही. लाइफबोटीने मात्र चौघांना काढलं. 'चार जण घेतलेत' असा निरोप रेडिओवर आला, आणि त्यानंतर काहीच आलं नाही. लाइफबोटीवरचे आठ आणि जहाजावरचे आठ, सोळाच्या सोळा गेले.

हाक आली तेव्हा बोटघरावर बारा जण धावले होते. त्यातले सात सोबतीला निवडले तांडेल, म्हणजे बोटीचे प्रमुख, ट्रेव्हेलियन रिचर्ड्स यांनी. सतरा वर्षांचा नील ब्रॉकमनही आला होता, पण त्याचे वडील नायजेल आधीच बोटीवर होते. अशा रात्री एका घरातले दोघे नेणार नाही, म्हणून रिचर्ड्सनी पोराला मागे ठेवलं. पुढे तोच नील पेनलीच्या लाइफबोटीचा तांडेल झाला. हे मी बाबांना सांगितलं, तेव्हा ते कठड्याला धरून बराच वेळ उभे राहिले. "तांडेल जाणता होता," एवढंच म्हणाले.

त्या आठांपैकी कुणीही पगारी नव्हतं. ब्रिटनची लाइफबोट संस्था 1824 पासून देणग्यांवर चालते आणि बोटीवर जाणारे बहुतेक स्वयंसेवकच असतात. दुर्घटनेनंतर दिवसभरातच माउझलमधून नव्या चमूपुरती माणसं पुढे आली होती. या गोष्टीपाशी मी अजूनही थांबते.

गावात पोचलात की ओहोटीच्या वेळी धक्क्यावर जा. बंदर कोरडं पडतं, होड्या वाळूत कलंडलेल्या असतात, हिरवं शेवाळ चढलेले दोर ओल्या वाळूवर लोळत असतात. हिवाळ्यात बंदराच्या तोंडात एकावर एक जाड ओंडके बसवून लाटा अडवतात. ग्रॅनाइटमधल्या त्या खाचा बाबांनी हात फिरवून पाहिल्या. जवळच्या पॉल गावच्या चर्चमध्येही या आठांचं स्मारक आहे, पण चढ आहे. गुडघे दुखत असतील तर राहू द्या.

डिसेंबरात गेलात तर साडेचारलाच अंधारतं, म्हणून चालण्याचं सकाळी उरका. परतीची शेवटची बस आधीच विचारून ठेवा. 23 तारखेला इथे दंतकथेतल्या टॉम बॉकॉक या मच्छीमाराचा सण असतो. त्या दिवशीच्या 'पाय'मधून, म्हणजे वर कणकेचं झाकण घालून भाजलेल्या पदार्थातून, माशांची डोकी वर आभाळाकडे बघत असतात. बंदरभर नाताळचे दिवे लागतात, ते बघायला खूप गर्दी होते. पण 19 तारखेला रात्री आठ ते नऊ हे दिवे मालवतात. क्रूस आणि देवदूत तेवढे उजळलेले राहतात. त्या दिवशी जाणार असाल तर आठच्या आधी धक्क्यावर पोचा, लोकरीची टोपी न्या, आणि तासभर फोन खिशातच ठेवा.