पिवळा कुठे जातो?

आज दिवसभर राबून माझ्या चित्राचं चार सेकंदांचं अ‍ॅनिमेशन झालं. चार!

गेल्या वर्षीचा माझा अमूर्त कॅनव्हास भाचीने फोटो काढून टॅबवर घेतला. प्रत्येक रंगाचा वेगळा लेयर केला आणि विचारलं, "मावशी, हा पिवळा कुठे जातोय?" मी गप्प. बारा वर्षं चित्रं काढतेय, हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. कॅनव्हासवर पिवळा नुसता असतो. इथे मात्र तो कुठून आला, किती वेगाने सरकला, कशावर आदळला, सगळं ठरवावं लागतं. सेकंदाला बारा फ्रेम, म्हणजे बारा वेगळी चित्रं, चार सेकंदांना अठ्ठेचाळीस! पॅलेट नाइफने (रंगाच्या सुरीने) एका झटक्यात ओढलेला फटकारा हलवायला दीड तास गेला. आणि सॉफ्टवेअरने आपणहून मधल्या फ्रेम भरल्या की तो जेलीसारखा डुलायला लागतो. शेवटी सगळ्या हातानेच काढल्या.

चित्रकार अकबर पदमसींची फार आठवण आली. १९७० च्या सुमारास मुंबईत, कॉम्प्युटर नसताना, त्यांनी त्यांच्या कलाकारांच्या वर्कशॉपमध्ये 'सिझिजी' ही फिल्म केली. नुसत्या रेषा आणि बिंदू, आवाजही नाही. अ‍ॅनिमेशनला राम मोहन होते. त्याच वर्कशॉपमध्ये तेव्हा अगदी तरुण असलेल्या चित्रकार नलिनी मालानी पुढे आयपॅडवर बोटाने अ‍ॅनिमेशन करू लागल्या. आणि मी एका पिवळ्यावर रडतेय.

रात्री टीव्हीवर लावून दाखवलं. आई जवळ जाऊन बघत राहिली. म्हणाली, "छान आहे गं. पण केबल हलतेय का?"